पप्पांनी कधीच न प्यायलेली दारू

माझे पप्पा नांदेड-लातूर भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दारूतून सुटलेले दारुडे म्हणून प्रसिद्ध आहेत. आयुष्यात त्यांनी एकूण अर्धा ग्लास दारू प्यायली आहे.

तो अर्धा ग्लासही त्यांना फसवून पाजलेला. लोहा तालुक्यात त्यांच्या चुलतभावाचं लग्न होतं. वरातीत कुणीतरी थंड्यात मिसळून दिली. पप्पांनी ती शिष्टाचार म्हणून घेतली, दहा मिनिटं गप्प बसले आणि मग बँडवाल्याच्या मोठ्या ढोलावर ओकले. ओकून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या उपरण्यानं ढोल पुसला, बँडवाल्याच्या पाया पडले आणि वरात मारुतीला पोहोचायच्या आत घरी जाऊन झोपले. त्यांच्या व्यसनाचा सगळा इतिहास एवढाच.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ते ख्रिस्ती झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण त्याच सुमारास बाहेरून एक मोठे प्रचारक नांदेडला आले. पत्रिका छापण्यासाठी त्यांना साक्षी गोळा करायच्या होत्या. आमच्याकडे साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्याला कशातून सोडवलं हे चारचौघांत उभं राहून सांगणं. त्यांनी पप्पांना विचारलं, कधी दारूला शिवला होता का? पप्पा म्हणाले, एकदा. साहेब लिहायला लागले, आणि बराच वेळ लिहीत राहिले.

"मग तुम्ही अडवलं का नाही?" मी पुढे कितीतरी वेळा विचारलं.

"मोठा माणूस लिहून राहिला होता. मधी कसं बोलावं?"

अशा रीतीनं पप्पा दारुडे झाले.

पत्रिका फिकट गुलाबी कागदावर होती, चार पानांची. पहिल्या पानावर चित्र. झिंज्या वाढलेला माणूस, हातात बाटली, कोपऱ्यात चुलीपाशी रडणारी बाई, आणि तिच्या मांडीला टेकलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं लेकरू. ते लेकरू म्हणजे मी. मी शाळेत जायला लागले तेव्हा वर्गातली सगळ्यात जाड मुलगी होते. आमच्या गल्लीतल्या पोरी पत्रिका आणि मला शेजारी शेजारी धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "प्रभूनं लई खाऊ घातलं गं तुला."

दर आवृत्तीत दारू वाढत गेली. पहिलीत पप्पा नुसते आहारी गेलेले होते. दुसरीत रोज एक बाटली होती, तिसरीत दोन. तिसरीतच त्यांनी आईचं मंगळसूत्र विकलं. आई ते मंगळसूत्र घालून सभेत पहिल्या रांगेत बसायची आणि पप्पा बोलायला उठले की पदर ओढून झाकायची. तिचा हात सवयीनं जायचा, भाकरीवर फडकं टाकावं तसा. एकदा कंधारकडच्या सभेत एका म्हाताऱ्यानं पप्पांना विचारलं, "कोणती घ्यायचे, ब्रदर?" पप्पांना एकाही दारूचं नाव येत नव्हतं. ते खाली मान घालून गप्प राहिले. म्हाताऱ्याला वाटलं, यांना रडू येतंय. त्यानं पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच रडला.

मी या पत्रिकांवर वाढले. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, कागद होते. पप्पांचा कुकर आणि शेगड्या दुरुस्तीचा गाडा बसस्टँडजवळ आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते पत्रिका वाटायचे, आणि दुसरा कुणी काही वाटत असला तर त्याचंही घ्यायचे, कारण आपलं घ्यावं असं वाटत असेल तर दुसऱ्याचं घ्यायला हवं, असा त्यांचा न्याय. त्यामुळे आमच्या घरी स्वर्गाच्या वाटेशेजारी अंगणवाडी ताईंच्या मागण्या असायच्या, त्यावर बहुजनांनी जागं व्हावं म्हणून हाक असायची आणि मूळव्याधीवरच्या खात्रीच्या इलाजाची माहिती. मी अक्षरं त्यांवर गिरवली. म्हणून माझी भाषा अजूनही चढ्या आवाजातली आहे, आणि म्हणूनच छापलेल्या कागदावरचं खोटं मला जेवणातल्या खड्यासारखं लागतं. कागद हातात देणारा माणूस शब्द देत असतो. माझ्यापुरता तो धर्मातला पहिला नियम आहे.

आता मी कोर्टासमोर डीटीपीच्या दुकानात काम करते. प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाच्या जाहिराती. मी विश्वासणारी आहे, रविवार चुकवत नाही. पण आजकाल विश्वासालाही वजन कमी करायच्या पावडरीसारखे आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो लागतात, हे मला सहन होत नाही. आधीचा फोटो जितका घाण, तितका देव मोठा. ज्याचं आयुष्य साधं गेलं, जो कधी पडला नाही, आजारी पडून मरता मरता वाचला नाही, त्यानं मंडळीत उभं राहून सांगायचं काय? माझी स्वतःची साक्ष अशी आहे की मला लहानपणापासून देव आवडतो. एकदा मी ती दिली. पाळकसाहेब म्हणाले, "बरं. पुढे?"

गेल्या वर्षी लातूरला उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास ताजा करायची मोठी सभा, ठरली. कमिटीनं ठरवलं की पप्पांची पत्रिका नव्यानं काढायची, ती संगणकावर मी जुळवायची, आणि शिवाय मोबाइलवर टाकायला एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा. व्हिडिओ करायला कमिटीतला एक जण आमच्या घरी आला. अंगात जाकीट, सोबत दिवा आणि पिशवीत एक रिकामी बाटली.

आईनं ती बाटली आधी साबणानं धुतली.

"काकू, धुवायची नव्हती. लेबल निघालं ना."

"घरात आणायची तर स्वच्छ तरी असू द्या की."

पप्पांच्या हातात बाटली दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, गिऱ्हाइकाचा कुकर धरतात तशी, आणि झाकण बसतं का ते फिरवून पाहिलं.

"ब्रदर, एका हातात. बेफिकीर धरा. जरा डुला. हां. आता काकूंवर हात उगारा."

पप्पा डुलले. हात काही वर जाईना. तिसऱ्या खेपेला हात कोपरापर्यंत आला आणि त्यांनी त्याच हातानं डोकं खाजवलं.

"अहो मारा की," आई म्हणाली. "पोरगं कवाचं उभं हाय. चहा बी गार झाला त्याचा."

"कसं मारू?"

"असं," म्हणून आईनंच त्यांच्या पाठीत एक ठेवून दिली, दाखवायला. पप्पा दचकले आणि बाटली पडली. आई पदर तोंडात धरून हसायला लागली, पप्पाही हसायला लागले, आणि तो जाकीटवाला वैतागून म्हणाला, "अहो, तुमचं घर दारूनं उद्ध्वस्त झालंय. हसून कसं चालेल?"

तिथे माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हणाले, दिवा बंद कर. हा माणूस दारू प्यायलेला नाही. या घरात कधी कुणावर हात उठलेला नाही. आत्ता उठला तो पहिला. मी पत्रिका जुळवणार नाही. दहा आज्ञांमध्ये खोट्या साक्षीसाठी एक आख्खी आज्ञा राखून ठेवलेली आहे, बाटलीसाठी नाही.

तो बाटली घेऊन गेला. धुतलेली म्हणून आईनं ती त्याला कागदात गुंडाळून दिली.

तो गेल्यावर पप्पांनी त्याचा गार झालेला चहा पिऊन टाकला. मग म्हणाले, "तू खरं बोललीस, बाई. पण उमरीवाल्याचं काय?"

उमरीवाले म्हणजे उमरीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारे एक गृहस्थ. या प्रसंगाच्या चार वर्षं आधी त्यांना रेल्वे स्टेशनवर कुणीतरी आमची गुलाबी पत्रिका दिली. ती वाचून त्यांनी दारू सोडली. पत्रिकेवर पप्पांचा नंबर होता. तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. पप्पांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. फोनवर ते नेहमी एकच गणित मांडायचे: "ब्रदर, तुम्ही दोन बाटल्यावाले. मी एक क्वार्टरवाला. तुम्हाला सुटली तर मला काहून सुटणार न्हाई?"

"त्या दोन बाटल्यांवर त्यांचं सगळं उभं हाय," पप्पा म्हणाले. "त्या मी काढून घेतल्या अन् तो माणूस परत गेला गुत्त्यावर, तर? ते पाप कुणाचं?"

तत्त्वाच्या कागदांवर याचं उत्तर छापलेलं नसतं. मी चिडून म्हणाले, "मग निदान मला तरी खरं सांगा. दारू नाही, तर तुम्ही मंडळीत आलात कशामुळे?"

"खुर्ची मोडली म्हून."

मला वाटलं, ते विषय बदलत आहेत. ते बदलत नव्हते.

तरुणपणी ते नांदेडला कामाला आले तेव्हा कुकरच्या दुकानात शिकाऊ होते. एकदा एका प्रार्थनाभवनातल्या मोठ्या शेगडीची दुरुस्ती करायला त्यांना पाठवलं. पप्पांच्या गावी मांगवाड्यातला माणूस कुणाच्या ओसरीवर खुर्चीत बसत नसे. उभं राहायचं किंवा पायरीखाली. तिथे एका वयस्क माणसानं खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बसा." पप्पांनी मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का. मग बसले. बसल्याबरोबर खुर्चीचा पाय मोडला आणि ते हत्यारांच्या पिशवीसकट खाली पडले. पप्पांनी डोळे गच्च मिटून घेतले. आता मार बसणार. तो म्हातारा धावत आला, त्यांना उठवलं, त्यांची पँट झटकली आणि म्हणाला, "माफ करा हं, आमची खुर्चीच कमजोर होती."

"मला कुणी कधी माफ करा म्हणलं नव्हतं," पप्पा म्हणाले. "मी म्हणलं, हे लोक काय वाचतात ते बघावं."

"आणि तुम्ही हे कधीच कुणाला सांगितलं नाही?"

"त्या साहेबांना लिहून झाल्यावर सांगितलं होतं की. ते म्हणले, खुर्चीवर पत्रिका निघत न्हाई."

मी रविवारी दुपारभर बसून ती पत्रिका लिहिली. मला वाटलं, हेच खरं, हेच छापायचं. मी लिहिलं की ज्या दिवशी ती खुर्ची मोडली त्या दिवशी हजारो वर्षांच्या उतरंडीला तडा गेला. मी लिहिलं की त्या वृद्ध हातांतून साक्षात करुणा वाहत होती. मधे दोन प्रश्न टाकले, समाजाला उद्देशून. शेवटी हाक होती. पप्पांनी गाड्यावर चष्मा लावून सगळं वाचलं, मांडीवर कुकरचं झाकण तसंच होतं.

"हे बी दारूच हाय की," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तडा खुर्चीला गेला होता, बाई. उतरंड कुठं काय गेली. अन् त्या म्हाताऱ्याच्या हातातून काय वाहत नव्हतं. सर्दी झालती त्याला. तू एका साध्या माणसाला पुतळा करून ठेवलास. त्यांनी दोन बाटल्या घातल्या, तू हजारो वर्षं घातली."

मी तो कागद घरी नेला. फाडायला तीन दिवस लागले, कारण लिहिलेलं चांगलं होतं.

सभेच्या दिवशी आम्ही बसनं लातूरला गेलो. पत्रिका मी जुळवली नाही म्हणून कमिटीनं लातूरलाच कुणाकडून तरी करून घेतली होती. मंडपाच्या दाराशी दोन मुली ती वाटत होत्या. कागद आता चकचकीत होता आणि बाटल्या तीन झाल्या होत्या. लेकराच्या जागी इंटरनेटवरून घेतलेलं कुठल्या तरी परदेशातलं पोर होतं. एक पत्रिका मलाही मिळाली.

पप्पांनी बोलायचं काय हे ठरलं नव्हतं. मी विचारलं की ते म्हणायचे, "बघू." त्यांना स्टेजवर बोलवायच्या आधी त्यांचा फोन वाजला.

"ब्रदर, मी आलोय," उमरीवाले म्हणाले. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला. "तिसऱ्या रांगेत, पिवळा शर्ट. चार वरसांनी तुमचं तोंड बघायला आलोय."

पप्पांनी फोन खिशात ठेवला आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. थोराड अंगाचा, पन्नाशीचा माणूस, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन, पुढे वाकून बसला होता.

"फोनवर चालून जायचं," पप्पा मला म्हणाले. "तोंडावर कसं बोलू खोटं?"

ते स्टेजवर गेले आणि माइक हातात घेऊन त्यांनी साध्या आवाजात सगळं सांगितलं. मी दारुडा नव्हतो. एकदा अर्धा ग्लास चुकून पोटात गेला, तो ढोलावर आला. बायकोला कधी मारलं नाही. मंगळसूत्र विकलं नाही. मला एका माणसानं बसा म्हणलं आणि खुर्ची मोडली, एवढंच झालं. इतकी वर्षं मी खोटं बोललो, माझी चूक झाली.

मला वाटलं, झालं, आता फेकून मारतील. तेवढ्यात बाहेरगावाहून आलेले मुख्य वक्ते उठले, त्यांनी पप्पांच्या हातातून माइक घेतला आणि दुसरा हात पप्पांच्या डोक्यावर ठेवला.

"पाहिलंत?" ते गहिवरून म्हणाले. "आपल्या भावाला प्रभूनं इतकं धुऊन काढलंय, की दारूची आठवणसुद्धा उरलेली नाही."

हालेलुयांनी मंडप हलला. कीबोर्डवाल्यानं सूर धरला. पप्पा माइककडे हात नेत म्हणत होते, "न्हाई हो, आठवण हाय, प्यालोच न्हाई," पण ते पहिल्या रांगेच्या पुढे गेलं नाही. खाली उतरल्यावर पाच-सहा बायका त्यांच्याभोवती जमल्या. एक म्हणाली, "ब्रदर, आमच्या मालकांची बी आठवण जाऊ द्या." पप्पांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. काय मागितलं ते मला माहीत नाही.

पिवळा शर्ट मंडपामागं पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. आम्ही तिघं तिकडे गेलो. त्यानं सलाम, म्हणजे आमच्यातला नमस्कार, केला नाही.

"ब्रदर, एक विचारतो. तुम्ही बोलले ते खरं, का ते साहेब बोलले ते?"

"मी बोललो ते."

"म्हंजे पीतच नव्हते."

"न्हाई."

"अन् मंगळसूत्र?"

आईनं ते पदराखालून काढून दाखवलं. त्यानं वाकून नीट पाहिलं, खोटं तर नाही ना अशा नजरेनं.

"चार वरीस," तो म्हणाला. "हात थरथर करायचे, तोंडाला कोरड पडायची, तवा मी म्हणायचो, अरे, त्या माणसानं दोन बाटल्या टाकल्या, तुला एक क्वार्टर टाकवंना? लाज वाटायची मला तुमची. अन् तुम्ही ढोलावर वकले?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणून राहिले."

पप्पांचा आवाज बारीक झाला. "तुम्ही आता परत घेणार का?"

तो माणूस एकदम भडकला. "का म्हून घेऊ? तुम्ही प्याले न्हाई म्हून मी पिऊ व्हय? ही कुठली रीत?"

पप्पा मान हलवत राहिले. तो टाकीच्या कट्ट्यावर बसला, डब्याची पिशवी पायाशी ठेवली आणि बोटांवर काहीतरी मांडल्यासारखं करत मंडपाकडे बघत राहिला. आत गाणं चाललं होतं. हळूहळू त्याच्या तोंडावरचा राग जाऊन तिथे दुसरंच काही येत होतं. मला ते आधी ओळखू आलं नाही.

"म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "आपल्या दोघांत सोडलेला मी एकटाच."

"हाव," पप्पा म्हणाले.

"तुमचं बघून न्हाई सोडली मी. तुम्ही नव्हतेच तिथं."

"न्हाई ना."

"मंग आज वर मला बोलवाया पायजे होतं."

"हाव. तुमचंच होतं ते."

तो माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही लिहिता म्हणं. लिहा मंग." मी पर्समधून पेन काढलं. दुसरा कागद नव्हता, म्हणून ती चकचकीत पत्रिका उलटी केली. तिचं मागचं पान कोरं होतं. त्यानं घसा साफ केला, पाठ ताठ केली, आणि त्याचा आवाज स्टेजवरच्यासारखा झाला. "मी उमरीचा राहणारा. मी रोज चार क्वार्टर..."

"फोनवर एक म्हणायचे," पप्पा म्हणाले.

"चारनं वजन येतं, ब्रदर."

"किती होती?"

त्यानं ताठ केलेली पाठ सैल सोडली. आईनं टाकीवरचा तांब्या भरून त्याच्या हातात दिला.

"एकच," तो म्हणाला, आता त्याच्या रोजच्या आवाजात. "एकच होती, ताई. एकीनंच बायको माहेरी गेली. एकच लिहा."

मी तेवढंच लिहिलं.